दोनावर मिटलेला सौदा

मुकुंद पाठकांनी मला फसवलं. मी दोन म्हणालो आणि त्यांनी दोनच लिहून घेतले.

यात फसवणूक कुठं आली असं ज्यांना वाटतं, त्यांनी जन्मात कधी बैल घेतलेला नाही. मी बैलांचा दलाल आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी पुसेगावाहून निघालो, कळमनुरीच्या बाजारात दुसऱ्यांच्या बैलांची दावी धरून उभा राहिलो, आणि आज माझ्या शब्दावर जोड्या सुटतात. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. माणूस पहिल्यांदा जो आकडा बोलतो तो आकडा नसतो, ती नुसती बोलण्याची सुरुवात असते. समोरच्यानं हसायचं असतं, मान हलवायची असते, उठून चालायला लागल्याचं नाटक करायचं असतं. मग दोघांनी मिळून खऱ्या आकड्यापर्यंत चालत जायचं. ही रीत आहे. पाठकांनी ती मोडली. मी मान खाली घालून दोन म्हणालो, त्यांनी मान वर न करता दोन लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मी पुढच्या बोलण्यासाठी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

पाठक सर आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत एकटे राहतात. सगळी नोकरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या आणि बेडूक सांभाळण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक देवळाच्या ओट्यावर बसून सरकारला शिव्या देतात. यांनी मात्र लांबच्या एका मोठ्या शहरातल्या कॅन्सरच्या संशोधनाचं काम धरलं. काम असं, की गावोगाव हिंडायचं, लोकांना शंभर-सव्वाशे प्रश्न विचारायचे, उत्तरं कागदावर उतरवायची, रक्ताच्या दोन नळ्या भरायच्या आणि बर्फाच्या पेटीत घालून नांदेडला पोचत्या करायच्या. तिथून त्या पुढं जातात. रक्त काढायचं सर रीतसर शिकून आले आहेत.

ही पेटी निळी आहे आणि अगदी कुल्फीवाल्याच्या पेटीसारखी दिसते. उन्हाळ्यात लेकरं तिच्यामागं लागतात. दुसरा कोणी असता तर लेकरांना हाकललं असतं. सर थांबतात आणि यात रक्त आहे असं समजावून सांगतात. त्यानं लेकरं कमी होत नाहीत, वाढतात. एसटीत सर या पेटीचं वेगळं तिकीट काढतात, कारण खाली ठेवली तर हादरे बसतात आणि मांडीवर घेतली तर अंगाची ऊब लागते. पेटी खिडकीशी बसते आणि सर तिच्या बाजूला, नवरीच्या शेजारी करवलीनं बसावं तसे.

भाव करणं त्यांना ठाऊकच नाही. मेथीची जुडी घेताना बाई जे म्हणेल ते देतात. बाजारात भाजीवाल्या बायकांनी 'पाठक भाव' म्हणून वेगळा भाव ठेवला आहे, आणि कोणी जास्त शहाणपणा केला की त्याला विचारतात, पाठक भावानं देऊ का? मी सरांना बजावलं, की सर, लुटून राहिल्या या तुम्हाला. तर म्हणाले, "त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. मी काही सुचवणार नाही."

हे त्यांचं पालुपद. मी काही सुचवणार नाही. प्रश्न विचारताना समोरच्याच्या तोंडात आपलं उत्तर घालायचं नाही, असा त्यांच्या कामाचा नियम आहे. तो नियम त्यांनी अंगाला एवढा लावून घेतला, की आता उतरत नाही. त्यांच्या घरी एकदा चहाला गेलो. साखर किती घालू, असं विचारलं. मी म्हणालो, तुम्हाला वाटेल तेवढी. "मी काही सुचवणार नाही," म्हणाले, आणि चमचा धरून उभे. चहा उतू गेला तरी उभे.

घरासमोर दोन तुळशी आहेत. एकीला चहाचा चोथा मिळतो, दुसरीला नुसतं पाणी. दोघींची उंची दर रविवारी पट्टीनं मोजून भिंतीवर लिहितात. आमच्या सौ.ला पाणीवाल्या तुळशीची दया आली आणि तिनं एकदा तिलाही थोडा चोथा घातला. सरांना कळलं. रागावले नाहीत. भिंतीवरचे चार महिन्यांचे आकडे त्यांनी शांतपणे खोडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सौ. म्हणाली, याच्यापरीस शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि बॅटरी. ती कायम खिशात. कोणी जांभई दिली की सरांचा हात खिशाकडं जातो. हट्टा गावी एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी पंगतीत चुकून जांभई दिली. सरांनी पानावरूनच उजेड टाकला आणि म्हणाले, "डाव्या गालाला आतून पांढरं आहे." मामांनी भर मांडवात त्यांचा उद्धार केला. पुढच्या आठवड्यात गुपचूप दवाखान्यात जाऊन दाखवून आले, ते वेगळं.

असा हा माणूस एक दिवस माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, की संशोधनासाठी यादीतून तुमचं नाव निघालं आहे, तुमची तयारी असेल तर सही करा, नसेल तर करू नका.

मोठ्या शहरातल्या लोकांनी आपल्याला निवडलं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मी बाजारात चार जणांना सांगून आलो, धुतलेलं धोतर नेसलो, फेटा बांधला. सौ.नं शिरा केला. सरांनी शिऱ्याला हात लावला नाही, कारण नियम. पेन काढलं आणि सुरू झाले. लहानपणी घरात माणसं किती? आईच्या चुलीत काय जळायचं? धूर कुठून बाहेर जायचा? दहाव्या वर्षी काय काम करत होता? चहा किती गरम पिता? पहिला दात कधी पडला? मी म्हटलं, सर, पोरगी देऊन राहिले का मला? हसले नाहीत. मग बॅटरी लावून तोंडात पाहिलं. गाल ओढून, जीभ उचलून, दातांच्या मागं. मी आजवर हजारो बैलांचे दात असेच पाहिले आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा बैलाची बाजू कळली.

मग तो प्रश्न आला. दिवसाला तंबाखूचे बार किती?

खरा आकडा बारा. बाजाराच्या दिवशी कधी जास्तही. पण खरा आकडा पहिल्या झटक्यात तोंडातून काढायची मला सवय नाही. मला वाटलं, मी दोन म्हणेन, हे माझ्या दातांकडं बघून हसतील, म्हणतील, दादाराव, बरोबर सांगा. मी पाच म्हणेन, मग आठ, आणि बारावर येऊन थांबू. म्हणून म्हणालो, दोन.

आतून सौ. जोरात खोकली. मग दाराशी आलीच. "सर, त्यायच्या म्हणण्यावर जाऊ नका—"

सर उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, माफ करा. उत्तर त्यांचंच पाहिजे."

"त्यायचंच पाहिजे, तर मंग खरं कसं मिळंल?" असं म्हणून ती आत गेली.

सरांनी दोन लिहिलं. तंबाखूचा विषय संपला. नंतर हळद किती खाता यावर गाडी गेली.

खरा अपमान पुढं झाला. बाजारातल्या चहाच्या टपरीवर दलाल मंडळी बसली होती, आणि मी निवड झाल्याचं जरा जास्तच सांगत होतो. तेवढ्यात सर तिथून चालले होते. मी त्यांना हाक मारून बोलावलं आणि म्हणालो, सर, सांगा यांना, मला काहून निवडलं. सर म्हणाले, "त्यांना काही झालेलं नाही म्हणून."

बस, एवढंच. दलालांना आणखी काय पाहिजे? 'काही न झालेले' हे माझं नावच पडलं. कोणी बैल दाखवायला आला की म्हणायचे, त्या काही न झालेल्याला विचारा.

मी सरांच्या घरी जाऊन भांडलो. आवाज माझा, पण गल्ली त्यांच्या दाराशी जमली. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग समजावलं. म्हणाले, तुम्ही जोड्या लावता ना, आम्हीही लावतो. एक कॅन्सरचा रोगी घ्यायचा आणि त्याच्याच वयाचा, त्याच भागातला एक धडधाकट माणूस त्याच्या शेजारी उभा करायचा. दोघांना तेच प्रश्न, दोघांचं तेवढंच रक्त. मग फरक कुठं आहे ते शोधायचं. तंबाखूत, चुलीच्या धुरात, खाण्यात, की रक्तात असं काही, जे अजून कोणाला नीट दिसलेलं नाही.

मी म्हणालो, एक आजारी अन् एक धडधाकट, अशी जोडी बाजारात कुत्रं विचारणार नाही. आणि शोधायचं काय त्यात? तंबाखूनं होतो, ते पुडीवर छापलेलं आहे.

"होतो. त्यात शंका नाही," सर म्हणाले. "पण एकाच चंचीतून खाणाऱ्या दोघांपैकी एकालाच का झाला, ते पुडीवर छापलेलं नाही."

एका जोडीवरून काही कळत नाही, पुष्कळ जोड्या लागतात, असंही म्हणाले. किती वर्षं लागतील, विचारलं. आपल्या हयातीत कदाचित पुरं होणार नाही, असं त्यांनी सांगितलं, एसटी लेट आहे असं सांगावं त्या आवाजात. मी कपाळाला हात लावला. एवढ्या काळात बैलाच्या चार पिढ्या होतात.

माझा जोडीदार कोण, ते मात्र सांगायला तयार नाहीत. मी चेहरा वाचून बैलाची किंमत काढणारा माणूस, पण यांच्या चेहऱ्यावर काही उमटतच नाही. नाव सांगता येत नाही, म्हणाले, नावं पुढं जातच नाहीत, नंबर जातात.

त्यानंतर एक नवीनच तकलीफ सुरू झाली. दर बाजाराच्या दिवशी सर टपरीवर यायला लागले. येऊन माझ्या शेजारी बसायचे. मी चहा सांगायचो, ते प्यायचे. पाऊसपाणी, बैल, दाव्याच्या गाठी, काहीही बोलायचे. विचारायचे मात्र काही नाहीत. कप ठेवायचा, "येतो दादाराव," म्हणायचं आणि जायचं. पाच-सहा महिने हेच. मला वाटलं, सरांना फुकटचा चहा गोड लागला. एकदा चिडून म्हणालो, सर, तुमचं कोणी मैतर नाही का?

"होतात की," ते म्हणाले. "पण माझं काम असं आहे, निम्म्या ओळखी फार दिवस टिकत नाहीत."

मी चहावाल्याला आणखी एक सांगितला. राग आलाच होता, पण सांगितला.

आता किसनचं सांगायला पाहिजे. किसन आणि मी एकाच वर्षी बाजारात उभे राहिलो. भाकरी एक, चंची एक. एकानं तंबाखू मळायची, दोघांनी खायची. त्यानं बार भरला की मी भरायचा, असं तीस वर्षं. रुमालाखालचा सौदाही आम्ही बरोबरच शिकलो. बैलांचा भाव चारचौघांत बोलत नाहीत. रुमाल टाकून त्याखाली एकमेकांची बोटं धरतात. अख्खा पंजा दाबला की पाच, बोट धरलं की एक. किसनची यात एक स्वतःची खोड होती. सौदा पटला की तो समोरच्याच्या तळहातावर नखानं दोनदा टकटक करायचा. बाजारात दुसरं कोणी असं करत नाही. डोळे मिटून सांगावं, की हा किसनचा हात.

किसनच्या गालात फोड आली. ती फोड नव्हती. मोठ्या दवाखान्यातून गाल कापून आणला. पुढं तोंड बोटभरही उघडेना, बोलणं बंद झालं. मी दोनदा भेटायला गेलो. तिसऱ्यांदा गेलो नाही. बाजार होता, कामं होती. खरं म्हणजे त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, आणि माझ्या तोंडात तेव्हाही बार होता.

न जाण्याचाही खरा आकडा सांगितला ना मी तुम्हाला? पहिल्या झटक्यात नाही सांगितला, पण सांगितला.

किसन गेला. तेराव्याला गेलो तर मागच्या ओळीत पाठक सर बसलेले. किसनची आणि यांची ना ओळख ना पाळख. पान वाढलं, खाली बघून जेवले. किसनच्या बायकोनं त्यांना पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करून दुरूनच हात जोडले. नात्यातल्या मोठ्या माणसाला करावं तसं.

मला बैल मोजायला वेळ लागत नाही आणि हेही मोजायला लागला नाही. माझंच वय, माझाच भाग. माझा जोडीदार कोण, ते कळलं. आणि कळल्याबरोबर हेही कळलं, की सरांच्या कागदावर किसनपुढं बारा आहेत आणि माझ्यापुढं दोन. उद्या मोठ्या शहरात बसलेला कोणी शास्त्रज्ञ ही जोडी पाहील, म्हणेल, बाराला झाला, दोनला झाला नाही, सोपं आहे, आणि पान उलटील. किसनचं पान उलटील.

पुढच्या बाजाराला सर टपरीवर आले तेव्हा मी आधी भांडलो. म्हणालो, माझे दात तुम्ही बॅटरी लावून पाहिले. दोन बारांचे दात असे असतात का? मग एकदा तरी म्हणायचं होतं, की दादाराव, दोनच का?

सर म्हणाले, "म्हणालो असतो, तर तुम्ही मला बरं वाटेल ते सांगितलं असतं. मी तेही लिहिलं असतं."

"मंग दुसरा माणूस धरायचा व्हता माझ्या जागी."

"उत्तर आवडलं नाही म्हणून माणूस बदलत नाहीत. तुम्हाला खरं सांगावंसं वाटलं, तरच ते बदलता येतं. आणि ते मी सुचवू शकत नाही."

पिशवीतून त्यांनी माझा कागद काढला. मी आजवर त्यांच्या अक्षराकडं नीट पाहिलं नव्हतं. तंबाखूच्या प्रश्नापुढं दोन. आणि बाजूला शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत: पुन्हा भेट, चहा. खाली तारीख. पुन्हा भेट, चहा. खाली तारीख. असं पानाच्या तळापर्यंत, मग उलटून मागच्या बाजूला. मी ज्याला फुकटचा चहा म्हणत होतो, तो असा लिहून ठेवलेला होता.

टपरीवर आजूबाजूला सगळे दलाल. त्यांच्यासमोर बारा म्हणायला जीभ उचलेना. जन्माची सवय, खांद्यावरचा रुमाल सरांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांचा हात धरला. धरल्यावर लक्षात आलं, की या माणसाला काय कळणार? मेथीची जुडी पाठक भावानं घेणारा माणूस. तरी पंजा दोनदा दाबला. मग दोन बोटं धरली.

सरांनी माझा पंजा दोनदा दाबला आणि दोन बोटं धरली. बरोबर का, असं विचारण्याची हीच पद्धत. मी होय म्हणून अंगठा दाबला. आणि रुमालाखाली माझ्या तळहातावर नखाची टकटक झाली. दोनदा.

मी हात ओढून घेतला नाही. सरांकडं पाहिलं तर ते तिसरीकडंच कुठं बघत होते.

ज्याला तोंड उघडता येत नव्हतं, त्यानं शंभर-सव्वाशे प्रश्नांचे आकडे कसे दिले असतील, ते मला तेव्हा कळलं. किती बैठका लागल्या असतील, आणि बाटल्या-बेडकांत जन्म गेलेल्या या माणसाला त्या पडलेल्या गड्यानं बोटांची भाषा पहिल्यापासून कशी शिकवली असेल. हा धंदा माझा. मित्र माझा. मी बाजारात होतो.

"कुणापासून शिकले?" मी विचारलं.

"नाव सांगता येत नाही," सर म्हणाले, आणि चष्मा पुसायला काढला.

मग लाल पेन काढून त्यांनी दोनवर एक आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. चूक लपवायची नसते, असा नियम आहे म्हणे. शेजारी बारा लिहिलं, तारीख घातली, सही केली, माझीही घेतली. कागद पिशवीत ठेवला आणि म्हणाले, आता मी संशोधनाचा माणूस म्हणून बोलत नाही, मुकुंद पाठक म्हणून बोलतो. दादाराव, सोडा ती तंबाखू. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कोणाला काही सुचवलं असेल. सुटली का, असं तुम्ही मला विचाराल. सुटली. हा पहिला आकडा आहे. पुढचं बोलणं तुमच्याकडं.

पण माझी फसवणूक मिटलेली नाही, उलट आता कुठं उघडी पडली आहे. आता कागदावर किसनचे बारा आणि माझे बारा. त्याच्या आईच्या चुलीत तुरीच्या तुऱ्हाट्या, माझ्या आईच्या चुलीत तुऱ्हाट्या. चंची एक, चुना एक, बाजार एक. मी आजवर ज्या जोड्या लावून दिल्या, त्यातला एक बैल बसला तर घेणारा माझ्या दारात येतो, आणि मी दार लावून घेत नाही. त्याला कारण सांगतो, चूक माझी असली तर कबूल करतो. ही जोडी पाठक सरांनी लावली. वय पाहून, भाग पाहून, दात पाहून लावली. त्यातला एक गेला आणि एक टपरीवर बसून चहा पिऊन राहिला. मी सरांना सरळ विचारलं, त्याला काहून आणि मला काहून नाही?

"माहीत नाही, दादाराव," ते म्हणाले. "त्याच्यासाठीच तर हिंडतो."

माहीत नाही हे उत्तर मी कोणा शेतकऱ्याला देऊन पाहावं. दाव्यानं बांधून ठेवतील. सरांनी माझं रक्त नेलं, किसनचं नेलं, बर्फात घालून, वेगळं तिकीट काढून नेलं. ते कुठल्या तरी शहरात शेजारी शेजारी ठेवलेलं आहे. मोठमोठ्या यंत्रांखाली बघणारे तिथले जे कोणी शिकलेले लोक आहेत, त्यांना माझं नाव माहीत नाही, नंबर माहीत आहे. तो नंबर इथं बसला आहे, कळमनुरीच्या बाजारात, चहाच्या टपरीच्या उजव्या बाकावर. वर्षं लागतील म्हणतात, लागू द्या. माझ्या जोडीदाराचा जबाब मला कोणीतरी द्यायचा आहे, आणि यावेळी पहिल्या आकड्यावर मी उठणार नाही.